ओहोटीचे श्रम कोणाच्या खात्यात?

गेल्या वर्षी सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावात आम्ही कुटुंब-पाहणी करत होतो. एका घरी पन्नाशीच्या काकूंना व्यवसाय विचारला. "घरकाम," त्या म्हणाल्या. मासेमारीच्या रकान्यात दोन प्रश्न होते : होडी आहे का? जाळे आहे का? दोन्हींचे उत्तर 'नाही'. रकाना मोकळा सोडून मी पुढच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच काकू खाडीत दिसल्या. गुडघाभर चिखलात कमरेतून वाकून त्या हातांनी तिसऱ्या चाचपत होत्या. सोबत वाडीतल्या आणखी सात-आठ बायका. "काल हे का नाही सांगितलंत?" असे विचारले तर हसून म्हणाल्या, "ह्यां कसला काम! सुकती इली की जातंव, गावात तां हाडतंव."

मी समाजकार्यात एम. ए. केले आहे. बाईचे श्रम अदृश्य असतात, हे परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. तरी माझ्याच हातातल्या फॉर्मने ते श्रम पुन्हा एकदा पुसले होते.

हे काम काय आहे ते पाहू. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप दूर हटते, तेव्हा जास्त शिंपल्या हाती लागतात. भांगाच्या दिवसांत फारसे काही मिळत नाही. म्हणजे या बायकांना तिथी पाठ, रेतीचा आणि चिखलाचा फरक पायाला कळतो, आणि भरती कधी उलटेल याचा अंदाज चुकवून चालत नाही. ओहोटी पहाटे असेल तर तीनला उठून भाकऱ्या थापायच्या, दुपारी असेल तर डोक्यावर ऊन घ्यायचे. खडपातली कालवे कोयतीने फोडताना हात कापतात, आणि तेच हात पुन्हा खाऱ्या पाण्यात जातात. घरी आल्यावर शिंपल्या धुणे, फोडणे, मग टोपली घेऊन बाजारात बसणे आणि वाटे लावून विकणे. त्यातून घरातले कालवण, मुलांच्या वह्या, कधी नवऱ्याच्या होडीच्या कर्जाचा हप्तासुद्धा निघतो.

तरी सरकारी भाषेत मच्छीमार म्हणजे होडीवाला. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्याखालचा परवाना नौकेला मिळतो. डिझेलवरच्या कराचा परतावा यांत्रिक नौकांना. २०२५ साली राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. ठीक आहे, पण शेतकरी म्हणून ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर लागत नाही तिचे काय होते, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. पायी मासळी गोळा करणारीचे नाव कुठल्या कागदावर लागणार?

हा प्रश्न केवळ मानाचा नाही. भरती-ओहोटीच्या रेषांमधली ती पट्टीच आता हातची चालली आहे. कुठे जेटी, कुठे रस्त्यासाठी भराव, कुठे रेतीचा उपसा, कुठे गावाचे सांडपाणी. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत ही पट्टी संरक्षित आहे, पण बंदरे, रस्ते यांसाठी भरावाला वाट ठेवलेली आहे. उरण भागातल्या पारंपरिक मच्छीमारांनी दाद मागितली तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तो मोठा निकाल होता. पण नुकसान कुटुंबागणिक मोजले गेले, आणि आपल्याकडे कुटुंब म्हटले की कोणाच्या नावाने पावती फाटते ते सांगायला नको.

दुसरे उदाहरण स्पेनच्या वायव्येकडच्या गॅलिसियाचे. तिथेही ओहोटीत पायी शिंपल्या काढणाऱ्या मुख्यत्वे बायकाच, आणि त्यांचे कामही फार काळ घरखर्चाला जोड म्हणूनच धरले जाई. १९९० च्या दशकात त्यांना व्यक्तिशः परवाने मिळाले, मच्छीमारांच्या मंडळांत त्या सभासद झाल्या, दर्यावर्दी कामगारांच्या सामाजिक सुरक्षेत त्यांची नोंद झाली. किती काढायचे, कुठली जागा विसावू द्यायची, चोरट्या उपशावर पहारा कसा ठेवायचा, हे त्या मिळून ठरवू लागल्या. २००२ साली 'प्रेस्टिज' हे तेलवाहू जहाज बुडाले आणि किनारे बंद पडले, तेव्हा त्यांनाही मदत मिळाली, कारण त्यांची नावे कामगार म्हणून नोंदलेली होती. परवान्याने सगळे प्रश्न सुटतात असे नाही. २०२३ च्या अतिपावसाने गोडे पाणी खाड्यांत लोटले आणि तिथल्या शिंपल्या मोठ्या प्रमाणावर मेल्या. पण अशा वेळी सरकारकडे जायला हातात काही असते.

काही मैत्रिणी म्हणतील, कागद आला की कुंपण आले. आज कोणीही खाडीत उतरते. उद्या परवाना नसलेल्या विधवेला हाकलतील. ही भीती खरी आहे. म्हणून नोंदणी वाडीतल्या बायकांच्या सभेतून व्हावी, ठेकेदाराकडून किंवा लिलावाने नव्हे, आणि घरच्या कालवणापुरते काढणारीचा हक्क अबाधित राहावा. मात्र नोंदच नको म्हटले तर खाडी सर्वांची राहील, हा भ्रम आहे. ज्याच्याकडे कागद आहे, तो ती घेईल.

तेव्हा किनाऱ्यावर काम करणाऱ्या गटांनी एवढे तरी हाती घ्यावे. पाहणीच्या फॉर्ममध्ये 'खाडीत किंवा खडपात उतरून मासळी, शिंपल्या काढता का?' हा प्रश्न घालायला लावावा आणि तो घरातल्या बाईलाच विचारावा. बायका जिथे उतरतात त्या जागांचे नकाशे बायकांनीच काढून किनारा व्यवस्थापन आराखड्यात नोंदवून घ्यावेत. मच्छीमार संस्थांत त्यांना स्वतःच्या नावाने सभासदत्व मागावे. प्रकल्पाच्या जनसुनावणीची तारीख लागली की आधी ओहोटीची वेळ पाहावी; त्या वेळी सुनावणी ठेवली असेल तर बदलून मागावी.

परतताना मी त्या काकूंकडे पुन्हा गेले. आदल्या दिवशीचा फॉर्म काढला आणि व्यवसायाच्या पुढे 'मच्छीमार' असे लिहून त्यांना वाचून दाखवले. "माझ्या नावार?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले. मग म्हणाल्या, "शेजारणीचांय लिव. ती माझ्यापेक्षा जास्त काढता."