राज्यमाता झाली, पण गावात वळू राहिला का?

पोळ्याला वेशीत उभं राहून बघितलं. बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या. कित्येक घरांत मातीचेच बैल पूजले. ट्रॅक्टर आला अन् बैल गेला, हे सगळ्यांना दिसतं. पण बैलासोबत गावचा वळूही गेला, त्याच्यावर कोणी बोलत नाही. म्हणून ही पोस्ट.

2019 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन आलं. पश्चिम आशियात उत्खननात सापडलेल्या 67 प्राचीन गाई-बैलांचा डीएनए तपासला. निघालं काय? साधारण 4,200 वर्षांपूर्वी तिकडं मोठा दुष्काळ पडला, आणि तेव्हापासून तिथल्या बिनवशिंडाच्या जनावरांत वशिंडाच्या जनावरांचं रक्त झपाट्यानं मिसळलं. वशिंडाचं जनावर मूळ सिंधू खोऱ्याकडचं, म्हणजे आपल्याच गाई-बैलांच्या कुळातलं. आईकडून येणारा डीएनए मात्र बराचसा जुनाच राहिला. संशोधक म्हणतात, लोकांनी गाई बदलल्या नसाव्यात, वळू आणले असावेत. ऊन सोसणारं, कमी पाण्यावर टिकणारं जनावर त्यांना हवं होतं.

आपल्याकडची खूण बघा. गोदावरीच्याच खोऱ्यात, प्रवराकाठच्या दायमाबादला 1974 साली धातूचा रथ सापडला, त्याला बैलजोडी जुंपलेली. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला तर तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची मातीची देवी अन् सोबत मातीचा बैल सापडला. मातीचा बैल पूजणं आपल्याला नवीन नाही. पण त्यांच्या गोठ्यात खरा बैलही होता.

आपली देवणीसुद्धा आभाळातून पडली नाही. गीर, डांगी आणि इथली गावरान जनावरं यांच्या मिश्रणातून शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करत ती घडवली. म्हणून मुद्दा शुद्ध रक्ताचा नाही. मुद्दा वेगवेगळं रक्त शिल्लक ठेवण्याचा आहे.

ते शिल्लक नसलं की काय होतं? अमेरिकेत 1962 साली 'चीफ' नावाचा होल्स्टीन वळू जन्मला. त्याच्या 16 हजार मुली झाल्या, दुधाला एक नंबर. जगभर त्याचंच रक्त पसरलं. पुढं कळलं, त्याच्यात एक दोष होता. त्या एका दोषापायी जगात अंदाजे पाच लाख वासरं पोटातच गेली. सगळी अंडी एका टोपलीत ठेवली की असं होतं.

जर्शी, एचएफ काढून टाका, असं मी म्हणत नाही. डेअरीच्या पगारावर पोरांच्या फीया भरल्या जातात, मला माहीत आहे. पण 2019 ला नदी ओलांडून बीडच्या चारा छावण्यांत बातम्या करत फिरलो, तेव्हा उन्हात धापा टाकणाऱ्या संकरित गाई अन् शेजारी निवांत रवंथ करणारी लाल कंधारी, दोन्ही डोळ्यांनी बघितलंय.

पशुगणना सांगते, 2012 ते 2019 मध्ये देशात देशी गोवंश 6 टक्क्यांनी घटला, संकरित अन् विदेशी सुमारे 27 टक्क्यांनी वाढला. 30 सप्टेंबर 2024 ला सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' केलं. गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला 50 रुपये अनुदान जाहीर झालं. चांगलं आहे. पण जो शेतकरी स्वतःच्या दावणीला देवणी सांभाळतो, त्याला काय? जात टिकते ती दावणीला, निवडीतून. गोशाळेत म्हातारी गाय जगेल, पण वंश पुढं जाईलच असं नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मांडा. एक, दवाखान्यात देवणी आणि लाल कंधारीच्या कांड्या कायम हव्यात, मागितल्यावर "संपल्या" हे उत्तर नको. दोन, चार-पाच गावांनी मिळून चांगल्या वंशाचे दोन वळू सांभाळावेत आणि दर तीन वर्षांनी अदलाबदल करावी, म्हणजे नात्यात संकर होणार नाही. तीन, देशी गाय दावणीला असणाऱ्या शेतकऱ्यालाही अनुदान मिळावं, असा ठराव करून वर पाठवा.

दुष्काळ परत येणार, हे आपल्या भागात कोणाला सांगायची गरज नाही. तेव्हा वळू आणायचा म्हटलं तर कुठून आणणार?

तुमच्या गावात वळू आहे का? कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. यादी करू.