साउंड कार्ड घेण्यापूर्वी



गेल्या महिन्यात हरभऱ्यावरील घाटेअळीच्या पाहणीसाठी एका गावी गेलो होतो. शिवारफेरी आटोपून एका घरी चहाला बसलो, तर त्या घरच्या नातीने वेगळाच प्रश्न पुढे केला. "साहेब, संगणकाला वेगळे साउंड कार्ड घ्यावे का?"

प्रश्नामागचे कारण मोठे होते. घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना शेकड्याने पाठ. त्या संगणकावर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, असे नातीच्या मनात होते. पण आजींच्या आवाजामागे सारखी 'घूंऽऽ' अशी घरघर येई. दुकानदाराने साडेतीन हजारांचे कार्ड सुचवले होते. फवारणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून ते घ्यावे की काय, असा विचार चालला होता.

आधी थोडी माहिती घेऊ. सुरुवातीच्या बऱ्याच संगणकांत आवाज म्हणजे नुसती 'पीं' एवढेच असे. 1989 साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड आले आणि संगणकावर गाणी, बोलणे ऐकू येऊ लागले. त्या काळी वेगळे कार्ड घेणे भागच होते. पुढे 1997 मध्ये इंटेलने एसी-97 आणि 2004 मध्ये एचडी ऑडिओ ही मानके आणली. तेव्हापासून आवाजाची चकती, म्हणजे चिप, संगणकाच्या मुख्य पट्टीवरच बसून येऊ लागली. संगीताच्या सीडीत एका सेकंदाच्या आवाजाचे 44,100 नमुने असतात. आजची साधी चिपही तेवढे सहज पेलते. म्हणून कीर्तन ऐकणे, मुलांचा अभ्यास, परगावच्या लेकीशी बोलणे, एवढ्यासाठी वेगळे कार्ड लागत नाही. जमिनीत स्फुरद भरपूर असताना वरून आणखी खत टाकले, तर पीक वाढत नाही, खिसा तेवढा रिकामा होतो!

मग घरघर कशाची? खताआधी माती परीक्षण, तसे कार्डाआधी दोष शोधावा. आम्ही पुढीलप्रमाणे तपासत गेलो.

पहिले, काही न बोलता दहा सेकंद मुद्रण केले. तरीही घरघर आली. म्हणजे दोष आजींच्या गळ्यात नव्हता!

दुसरे, माइकची पिन डब्याच्या पुढच्या भोकातून काढून मागच्या गुलाबी भोकात घातली. पुढच्या भोकापर्यंत आतून लांब तार जाते, ती आसपासच्या विजेचा खरखराट ओढून घेते. फरक पडला, पण थोडाच.

तिसरे, डब्याच्या पत्र्याला हात लागला तर बोटांना झिणझिण्या आल्या. खरी खूण हीच. तीन पायांची पिन दोन पायांच्या जोडणीत खोचलेली होती, म्हणजे अर्थिंग तुटलेले. वायरमनला बोलावले. त्याने तीन पायांचा सॉकेट बसवला, अर्थिंगच्या कोरड्या खड्ड्यात कोळसा, मीठ भरून पाणी घातले. घरघर जवळजवळ गेली. मुख्य म्हणजे लहान मुले ज्या डब्याला हात लावत होती, तो निर्धोक झाला. हे काम मात्र जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.

चौथे, माइक हातभर दूर होता, तो तोंडापासून वीतभर अंतरावर आणला. त्यामुळे आवाज वाढवण्याची गरज कमी झाली आणि मागची सळसळही दबली.

मग वेगळे कार्ड कधी घ्यावे? आतली चिप बिघडली असेल, हे सगळे करूनही खरखर राहत असेल, किंवा भजनी मंडळासाठी गवयाचा मोठा माइक जोडायचा असेल, तेव्हा. तेही शक्यतो यूएसबीचे, बाहेरून जोडायचे घ्यावे. ते डब्यातल्या खरखराटापासून दूर राहते आणि लॅपटॉपलाही चालते. काही माइकना 48 व्होल्टचा पुरवठा लागतो, तो त्या यंत्रात आहे का, हे आधी विचारावे. यूएसबी माइक घेतला, तर त्याचे कार्ड त्याच्याच पोटात असते, दुसरे घेऊ नये. ब्लूटूथ स्पीकरलाही आवाजासाठी कार्डाचा उपयोग नाही. आणि घेण्यापूर्वी कुणाचे तरी मागून आणून घरी लावून पाहावे.

त्या घरी कार्ड आले नाही. फवारणी वेळेवर झाली. परवा पुन्हा गेलो, तेव्हा चाळीस ओव्या मुद्रित झाल्या होत्या. नातीने एक लावली. आजींनी डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, "ही तर माझ्या आईची चाल. पुढची अजून सांगायची राहिलीय."

तुमच्याही घरी अशा आजी असतील, तर वेळ दवडू नका. यंत्र पुढेही मिळेल.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी