सरकारचे माप कोणी तपासायचे?

दिवाळीच्या तोंडावर आपण भिंतींना चुना देतो, अंगण सारवतो, उंबऱ्याशी रांगोळी घालतो. या घराची किंमत काय, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात येत नाही. परंतु वाचकहो, तो सरकारच्या मनात येतो, आणि त्याचे उत्तर गावाला न विचारता दिले जाते. माझे भांडण आहे ते एवढ्याशीच.

घरपट्टी हे ग्रामपंचायतीचे हक्काचे उत्पन्न. १९६० च्या कर व फी नियमांत शासनाने २०१५ च्या अखेरीस बदल केला. क्षेत्रफळावरची आकारणी गेली आणि भांडवली मूल्यावरची आली. जमिनीचा भाव घ्यायचा तो वार्षिक मूल्यदर तक्त्यातून, म्हणजे लोक ज्याला ‘रेडीरेकनर’ म्हणतात त्यातून. त्यात बांधकामाचा दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा, वापराप्रमाणे भारांक. कराच्या दराची खालची-वरची मर्यादाही शासनाचीच. मग ग्रामपंचायतीने करायचे काय? गुणाकार!

हा तक्ता मुळात खरेदीखतावरच्या मुद्रांक शुल्कासाठी केलेला. जिंतूर किंवा पालम तालुक्यातल्या आडगावात वेशीआतले घर विकले जाते तरी कितीदा? आजोबांचे माळवद बापाकडे येते, बापाचे लेकाकडे. जिथे बाजारच भरत नाही, तिथला बाजारभाव कोणत्या तराजूत तोलला? भाव चढा लागला तर गरिबाच्या माथी पट्टी बसते. उतरता लागला तर गावाची तिजोरी रिकामी राहते.

कोणी म्हणेल, “मास्तर, गावाच्या हाती दिले तर सरपंच मेहुण्याचा वाडा झोपडीच्या भावात लावील.” खोटे नाही. सर्वांना एकच माप हवे, हे मलाही मान्य आहे. पण वाण्याचे माप सरकार तपासते. सरकारचे माप कोणी तपासायचे?

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने याचे उत्तर शोधले आहे. तिथे गावे आपापल्या पद्धतीने घरांचे मूल्य लावतात; अनेक गावांत मिळून शाळेचा कर न्यायाने वाटला जावा म्हणून राज्य प्रत्येक गावासाठी समानीकरणाचा दर ठरवते. परंतु तो आधी तात्पुरता जाहीर होतो. गावाला पुराव्यानिशी हरकत घेता येते. ती ऐकून मगच दर कायम होतो. राज्यही चुकू शकते, हे तिथल्या कायद्याने गृहीत धरले आहे.

आपल्याकडे घरमालकाला पंचायत समितीकडे अपील आहे. पण तक्ताच चुकला असेल तर तिथेही तोच तक्ता पुढे येणार. तक्त्याबाबत सूचना मागवतात म्हणे. सूचना निराळी आणि हक्काची सुनावणी निराळी.

म्हणून मागणी साधी आहे. दर चार वर्षांच्या फेरआकारणीपूर्वी ग्रामसभेला ठराव करून, पुरावे जोडून तक्त्यावर हरकत घेता यावी. ठरल्या मुदतीत सुनावणी व्हावी आणि निर्णय कारणांसह लेखी मिळावा.

७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली. नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही मुलांना ‘स्थानिक स्वराज्य’ हा शब्द घोकायला लावतो. ज्या गावाला आपल्याच घरांच्या किमतीबद्दल बोलता येत नाही, त्याच्या स्वराज्याचा अर्थ एखाद्या पोराने उभे राहून विचारला, तर मी फळ्यावर काय लिहू?