पदराला जाळी, रेडिएटरला यादी

पावसाळ्यातल्या रविवारी पिंपळवंडीवरून आळेफाटा गाठून माळशेजकडे वळणाऱ्या मोटारसायकलींत आता ‘ॲडव्हेंचर’ जातीच्या बऱ्याच असतात. यातली एखादी गाडी शोरूममधून आली तशी असेल तर जरूर पाहावी. मागच्या चाकाला साडीगार्ड. पुढे, चाकातून उडणारा दगड थेट बसेल अशा जागी, रेडिएटर बहुधा उघडाच.

साडीगार्डबद्दल तक्रार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम तो मागतो. मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकलेला हवा, कपडा अडकता कामा नये. पदर-ओढणीने जीव गेलेत, तेव्हा नियम हवाच. पण ज्या कारखान्याला साडीचा विचार सुचतो, त्याला दगडाचा का सुचू नये? कारण सरळ आहे. साडीचा विचार कारखान्याचा नव्हेच, सरकारचा आहे. रेडिएटरविषयी सरकार गप्प आहे. म्हणून त्याचा गार्ड ॲक्सेसरीजच्या यादीत गेला, वेगळ्या किमतीला.

दुधाचे कॅन घेऊन बांधावरून जाणाऱ्या स्प्लेंडरला ही चिंता नाही. तिचे इंजिन वाऱ्यावर थंड होते. आडवी झाली तर उचलायची, किक मारायची. २०१६ च्या हिमालयन या ॲडव्हेंचर गाडीचेही हवा आणि तेलावर भागत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या हिमालयनला कूलंट लागते. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ला तर पहिल्यापासून लागते. ताकद वाढली, तिच्याबरोबर पातळ ॲल्युमिनियमच्या नळ्यांची नाजूक चौकट, म्हणजे रेडिएटर, आली. एक नळी फुटली की कूलंट गळते. तशीच दामटली तर आधी हेड गॅस्केट जाते, मग पिस्टन धरतो. हे घाटात घडले तर पुढचा प्रवास टेम्पोतून.

खरी डर्ट बाइक काय करते? जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीला डर्ट बाइकच्या सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत झाली. त्या जातीच्या गाड्यांना रेडिएटर दोन, टाकीच्या दोन्ही अंगांना. पडली की एक जमिनीवर आपटणार, हे धरूनच चालतात. तिथे नुसत्या जाळीने भागत नाही. जाळी दगड अडवते, पडण्याचा दाब नाही. त्यासाठी रेडिएटरभोवती ॲल्युमिनियमची मजबूत ब्रेस कसतात.

आपल्या बाजारात मात्र पडणे कोणीच धरत नाही. जाहिरातीत गाडी खडकांवरून उड्या मारते. वॉरंटीत तीच उडी चुकली की ‘अपघात’ होतो आणि रेडिएटरचे बिल मालकाच्या नावावर. मालकही कमी नाहीत. साडीगार्ड काढून टाकायची घाई, जादा दिवे लावायची हौस. दिवे फोटोत दिसतात.

लाखोंच्या गाडीत काही हजारांची जाळी आणि बाजूचे गार्ड कंपनीला जड नाहीत. टाकीवर डोंगरांची चित्रे छापून विकता, तर हे दोन्ही एक्स-शोरूम किमतीतच द्या. नाहीतर माहितीपत्रकावर एक ओळ ठळक छापा: ही गाडी फक्त डांबरी रस्त्यासाठी.