माणसाळलेला मस्टँग : ‘स्पिरिट’ चित्रपट आणि घोड्याच्या तोंडचा ‘मी’



‘निवेदक’ ही संकल्पना आपण प्रामुख्याने कथा-कादंबरीच्या संदर्भात अभ्यासतो. कथा कोण सांगतो, कोणाच्या वतीने सांगतो आणि तसे सांगण्याचा अधिकार त्याला कोठून मिळतो, हे तीन प्रश्न चित्रपटालाही तितकेच लागू पडतात. प्रस्तुत लेखात एका ॲनिमेशनपटाच्या आधारे या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. ‘स्पिरिट : स्टॅलिअन ऑफ द सिमारॉन’ हा ड्रीमवर्क्स या अमेरिकन संस्थेचा चित्रपट २००२ साली प्रदर्शित झाला. केली ॲस्बरी व लोर्ना कुक यांनी त्याचे दिग्दर्शन केले असून पटकथा जॉन फुस्को यांची आहे. मुलांसह साऱ्या कुटुंबाने पाहावा अशा हेतूने तो तयार झाला. म्हणूनच त्याच्या भाषेचा विचार गांभीर्याने व्हावयास हवा, कारण मुलांच्या मनावर भाषेचे संस्कार पाठ्यपुस्तकांइतकेच अशा चित्रपटांतूनही होतात.

कथानक थोडक्यात

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचा पश्चिम भाग ही या कथेची पार्श्वभूमी आहे. मोकळ्या माळरानावर जन्मलेले एक शिंगरू मोठे होऊन कळपाचा नायक बनते. माणसांच्या हाती सापडल्यावर त्याला घोडदळाच्या किल्ल्यात नेले जाते. तेथे त्याची आयाळ कापण्याचा आणि नाल ठोकण्याचा प्रयत्न होतो. तो दाद देत नाही, तेव्हा किल्ल्याचा कर्नल त्याला अन्नपाण्यावाचून खांबाला बांधून ठेवतो. लिटल क्रीक या लाकोटा तरुणासोबत तो तेथून निसटतो. हा तरुणही त्याच्यावर स्वार होण्याचा पुनःपुन्हा प्रयत्न करतो आणि अखेर त्याला मोकळे सोडतो. पुढे घोडा पुन्हा पकडला जातो. लोहमार्गाच्या कामावर वाफेचे इंजिन ओढण्यास त्याला जुंपले जाते. तेथूनही सुटून, एका खोल दरीवरून झेप घेऊन, तो शेवटी आपल्या कळपात परततो.

या घोड्याला ना कर्नल वश करू शकतो, ना लिटल क्रीक. तरीही चित्रपटाच्या पहिल्या मिनिटापासून तो माणसाळलेला आहे, असे माझे मत आहे. त्याला माणसाळवले आहे ते चित्रपटकर्त्यांनी बहाल केलेल्या मानवी ‘मी’ने.

‘माणसाळणे’ आणि ‘मोडणे’

येथे मराठीतील एका क्रियापदाकडे लक्ष वेधावेसे वाटते. रानटी जनावराने माणसाची सवय करून घेणे यासाठी आपण ‘माणसाळणे’ म्हणतो. जनावर माणसाच्या जवळ येते म्हणजे काही अंशी माणसासारखे होते, असा अर्थ या शब्दाच्या घडणीतच आहे. इंग्रजीत याच क्रियेसाठी ‘मोडणे’ या अर्थाचे क्रियापद वापरतात. तेथे घोडा ‘मोडला’ जातो. कथानायकाला शेवटी मिळणारे नावही, ज्याला मोडता आले नाही असा आत्मा, याच अर्थाचे आहे. म्हणजे इंग्रजीच्या दृष्टीने पाहिल्यास चित्रपटाचा नायक विजयी ठरतो, कारण तो मोडला गेला नाही. मराठीच्या दृष्टीने पाहिल्यास वेगळाच प्रश्न उभा राहतो : तो माणसाळला की नाही?

या चित्रपटात प्राणी एकमेकांशी मानवी भाषेत बोलत नाहीत. ते खिंकाळतात, फुरफुरतात, कान टवकारतात, कान मागे पाडतात. हा संयम खरोखर स्तुत्य आहे. तथापि घोड्याचे मनोगत मात्र मॅट डेमन या अभिनेत्याच्या आवाजात आपल्याला सतत ऐकू येते. त्यातच ब्रायन ॲडम्स यांनी गायलेली गीतेही ‘मी’ची आहेत. एका मुक्या प्राण्याला अशा रीतीने दोन मानवी आवाज मिळाले आहेत. आरंभी निवेदक सांगतो की, पश्चिमेचा इतिहास घोड्याच्या पाठीवरून लिहिला गेला असेल, पण घोड्याच्या अंतःकरणातून तो आजवर कोणी सांगितलेला नाही. हा दावा मोठा आहे आणि तो कितपत खरा ठरतो, हे तपासणे आपले काम आहे.

घोड्याला खरोखर काय येते?

अमेरिकन भाषावैज्ञानिक चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली मानवी भाषेची १३ लक्षणे मांडली. समोर नसलेल्या, दूरच्या किंवा होऊन गेलेल्या गोष्टींविषयी बोलता येणे हे त्यांपैकी एक महत्त्वाचे लक्षण होय. चित्रपटातील घोडा आपल्या जन्मभूमीला पुढे काय म्हटले जाणार होते, हेदेखील सांगतो. हे बोलणे पूर्णतः मानवी भाषेचे आहे. अंतःकरण घोड्याचे असेलही, पण काळाची जाण आणि इतिहासाची कल्पना माणसाची आहे.

याचा अर्थ घोडा संवादात कमी पडतो असा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये ‘हान्स’ नावाचा घोडा गाजत होता. गणिताचे उत्तर तो खुराने ठोके देऊन सांगत असे. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी याविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्सलाही ते येत नसे. ठोक्यांची योग्य संख्या पूर्ण होताच विचारणाऱ्याच्या मस्तकाची नकळत सूक्ष्म हालचाल होई, आणि ती पाहून घोडा थांबे. लोक त्याच्यात गणिती शोधत होते. त्याचे खरे सामर्थ्य मात्र माणसाला स्वतःलाही न जाणवणारी देहभाषा वाचण्यात होते.

‘स्पिरिट’मधील उत्तम प्रसंग याच सामर्थ्यावर उभे आहेत. लिटल क्रीक बोलतो आणि घोडा कानांनी, मानेने, पावलांनी उत्तर देतो. अखेरीस दरीच्या दोन काठांवरून कर्नल आणि घोडा एकमेकांकडे पाहतात. कर्नल आपल्या सैनिकाची बंदूक खाली करायला लावतो. तेथे शब्दाची गरज भासत नाही, आणि लहान मुलालाही त्याचा अर्थ कळतो. याउलट लिटल क्रीकचा निरोप घेताना घोड्याचे रेंगाळणे चित्रातून पुरेसे व्यक्त झालेले असूनही निवेदक सांगतो की, हा निरोप वाटला होता त्याहून कठीण होता. चित्राने जे सांगितले तेच शब्द पुन्हा सांगतात आणि प्रेक्षकासाठी उरलेली जागा व्यापून टाकतात.

‘मी’ कधी सार्थ ठरतो?

येथे कोणी आक्षेप घेईल की, प्राण्यांच्या तोंडी भाषा घालण्याची परंपरा आपल्याकडे पंचतंत्रापासून चालत आली आहे. आक्षेप योग्य आहे. परंतु पंचतंत्रातील सिंह व कोल्हा हे मानवी वृत्तींचे मुखवटे आहेत आणि तसा करार वाचकाशी आधीच झालेला असतो. सिंहाचे अंतःकरण उलगडून दाखवतो, असा दावा तेथे कोणी करत नाही.

घोड्याचा ‘मी’ही साहित्यात नवा नाही. ॲना स्यूएल यांची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही १८७७ सालची कादंबरी घोड्याचे आत्मकथन आहे. टॉल्स्टॉय यांच्या ‘खोल्स्तोमेर’ या कथेतही एक म्हातारा घोडा आपली कहाणी सांगतो. ‘माझा घोडा’ असे माणसे म्हणतात, यातील ‘माझा’ या शब्दाचा अर्थच त्याला उमगत नाही. त्याला चारा घालणारा एक, त्याच्यावर बसणारा दुसरा, आणि ‘माझा’ म्हणणारा तिसराच! व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी १९१७ साली ‘अपरिचितीकरण’ ही संकल्पना मांडताना याच कथेचा आधार घेतला होता. तेथे घोड्याचा ‘मी’ आपल्या सवयीच्या शब्दाकडे परक्या नजरेने पाहतो आणि मालकीची कल्पना आपल्यालाही विचित्र वाटू लागते. ‘स्पिरिट’चा निवेदक मात्र स्वातंत्र्य, मायभूमी, शौर्य हे शब्द आपल्याच अर्थाने, आपल्याच सुरात उच्चारतो. प्राण्याला ‘मी’ देण्यात दोष नाही. तो ‘मी’ आपल्याला नवीन काहीच दाखवत नसेल, तर मात्र तो केवळ आपलाच प्रतिध्वनी ठरतो.

मालकीचा हा प्रश्न चित्रपटाच्या शब्दांतच दडलेला आहे, हे विशेष. ‘मस्टँग’ हा शब्द ज्या स्पॅनिश शब्दावरून आला, त्याचा अर्थ बिनमालकीचे, भटके जनावर असा होतो. आपला ‘मोकाट’ हा शब्द त्याच्या जवळचा आहे. ‘सिमारॉन’ हाही मूळचा स्पॅनिश शब्द असून, पळून रानात गेलेल्या जनावरांना आणि मालकांपासून पळालेल्या गुलामांनाही तो लावला जाई. अमेरिका खंडातील मूळचे घोडे सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नामशेष झाले आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर घोडा तेथे पुन्हा आला. १९७१ साली या घोड्यांच्या संरक्षणासाठी झालेल्या अमेरिकन कायद्यातही सार्वजनिक जमिनीवरील, डाग न दिलेला व कोणी हक्क न सांगितलेला घोडा तो ‘वन्य’, अशीच व्याख्या आहे. म्हणजे ‘वन्य’ हा शब्दही घोड्याविषयी बोलण्याआधी माणसाच्या मालकीविषयी बोलतो.

ज्यांना भाषा होती

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या कथेत स्वतःची समृद्ध भाषा असलेला समाज उपस्थित आहे. लाकोटा भाषेत घोड्याला जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘पवित्र किंवा गूढ कुत्रा’ असा होतो. घोडा येण्यापूर्वी त्यांचे ओझे कुत्रे ओढत असत. नव्या प्राण्याविषयीचा विस्मय आणि जुन्या सोबत्याची आठवण या एका शब्दात सामावली आहे. इतिहास घोड्याच्या पाठीवरून लिहिला गेला असे म्हणताना, त्या पाठीवर हा शब्द उच्चारणारे लोकही होते, हे विसरता येत नाही. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. तेथे नेलेल्या पहिल्या मुलांत लाकोटा मुले होती. त्यांचे केस कापले गेले, नावे बदलली गेली आणि मातृभाषा बोलण्यास मनाई झाली. चित्रपटात आयाळ कापू न देणारा घोडा पाहताना या मुलांची आठवण व्हावी, असा हा इतिहास आहे. अशा कथेत ज्याला भाषा नव्हती त्या घोड्याला संपूर्ण निवेदन मिळते, आणि ज्याला भाषा होती तो लिटल क्रीक सहनायक राहतो.

मराठीच्या विद्यार्थ्याला याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. दया पवार यांच्या ‘बलुतं’ने (१९७८) आणि त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी मराठी साहित्य बदलले, ते त्यांतील ‘मी’ दुसऱ्या कोणी बहाल केलेला नव्हता म्हणून. माणूस आपला ‘मी’ स्वतः उच्चारू शकतो. त्याला ती संधी मिळाली पाहिजे. घोडा तो उच्चारू शकत नाही. त्याच्या मौनाचा आदर राखला पाहिजे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की, सहानुभूतीच्या नावाखाली आपण दोघांवरही अन्याय करतो.

हा चित्रपट पाहू नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. डॉनर नावाच्या एका खऱ्या मस्टँगचे निरीक्षण करून रेखाटलेली त्यातील घोड्याची चाल आणि धाव अतिशय देखणी आहे. माझी सूचना एवढीच की, तो घरातील मुलांसमवेत पाहावा आणि निरोपाचा प्रसंग आवाज बंद करून पुन्हा एकदा पाहावा. घोडा काय सांगतो आहे, हे मुलांना विचारावे. नंतर त्याच प्रसंगाचे दहा ओळींचे निवेदन मराठीत दोनदा लिहावे : एकदा ‘मी’ वापरून आणि एकदा ‘तो’ वापरून. कोणत्या निवेदनात घोडा अधिक घोडा राहिला, याचा निर्णय स्वतः करावा.