रशियाला हसण्याआधी: आधुनिक इतिहासाचे संग्रहालय आणि नागपूरचे न भरलेले दालन

१/ मॉस्कोच्या त्वेर्स्काया रस्त्यावर, सिंहांच्या मूर्ती असलेल्या फाटकामागे एक जुनी प्रशस्त वास्तू आहे. क्रांतीपूर्वी तेथे उमरावांचा ‘इंग्लिश क्लब’ होता. १९२४ साली तेथे क्रांतीचे संग्रहालय स्थापन झाले. १९९८ साली त्याच संस्थेचे नामकरण ‘रशियाच्या समकालीन इतिहासाचे राज्य केंद्रीय संग्रहालय’ असे झाले. वास्तू तीच, फाटक तेच. पाटीवरून ‘क्रांती’ उतरली आणि ‘इतिहास’ चढला.

२/ ही गोष्ट मराठीत बहुधा थट्टेच्या सुरात सांगितली जाते: सत्ता पालटली की रशियन लोक भूतकाळही पालटतात! थट्टा निराधार नाही. मात्र ती करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न नागपूरच्या सदर भागात उभे राहून विचारला तर उत्तर अवघड होते. हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आहे.

३/ आधी थट्टेतले सत्य. ५ मे १९२० रोजी लेनिन मॉस्कोत भाषण करीत असतानाच्या प्रसिद्ध छायाचित्रात व्यासपीठाच्या पायऱ्यांवर त्रोत्स्की आणि कामेनेव्ह उभे होते. स्टालिनच्या राजवटीत त्या चित्रातून दोघेही नाहीसे झाले. १९४९ साली स्टालिनच्या सत्तरीनिमित्त आलेल्या भेटवस्तूंची प्रदर्शने मॉस्कोच्या संग्रहालयांत मांडली गेली आणि १९५३ साली तो वारल्यावर ती गुंडाळली गेली. लाल चौकाशेजारचे लेनिन संग्रहालय १९३६ साली उघडले, १९९३ साली बंद झाले. आज त्या इमारतीत १८१२ च्या नेपोलियनविरोधी युद्धाचे संग्रहालय आहे.

४/ ही केवळ सोव्हिएत काळाची खोड नव्हे. पर्म प्रांतातील ‘पर्म-३६’ या राजकीय कैद्यांच्या छावणीत स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी संग्रहालय उभारले होते. २०१४ च्या सुमारास ते शासनाच्या ताब्यात गेले आणि तेथील मांडणीचा रोख बदलला. दडपशाहीच्या बळींची नोंद ठेवणारी ‘मेमोरियल’ ही संस्था डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने विसर्जित झाली. मॉस्कोचे गुलाग इतिहास संग्रहालय नोव्हेंबर २०२४ मध्ये अग्निसुरक्षेचे कारण देऊन बंद करण्यात आले.

५/ या उलथापालथीचा एक धागा थेट महाराष्ट्राशी जुळतो. अण्णाभाऊ साठे यांनी १९४३ साली स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. १९६१ साली ते सोव्हिएत संघाच्या प्रवासाला गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे प्रवासवर्णन मराठीला मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर स्टालिनचे शव लेनिनच्या समाधिगृहातून हलवण्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये स्टालिनग्राडचे व्होल्गोग्राड झाले. ज्या शहराच्या झुंजीने मराठी शाहिराची लेखणी पेटली, त्या शहराचे नावच नकाशावरून उतरले.

६/ सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या विदेशी साहित्य ग्रंथालयात अण्णाभाऊंच्या पुतळ्याचे अनावरण तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. सन्मान योग्यच होता. पण पुतळा फार सोयीचा असतो. लाल बावटा कलापथकाचा शाहीर, कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता, मातंग समाजात जन्मलेला गिरणगावचा कामगार, यांपैकी काहीही त्याला सांगावे लागत नाही. संग्रहालयाला सांगावे लागते. म्हणूनच राज्यकर्त्यांना पुतळे प्रिय आणि आधुनिक इतिहासाची संग्रहालये अप्रिय असतात. हे मॉस्कोत जितके खरे, तितकेच महाराष्ट्रातही.

७/ आता नागपूर. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ साली त्यांचे राज्य खालसा झाले. अवघ्या नऊ वर्षांनी, १८६३ साली, मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. सदरला लागून असलेला हाच तो ‘अजब बंगला’. क्रांतीनंतर सात वर्षांनी बोल्शेविकांनी आपले संग्रहालय काढले. राज्य बुडवल्यावर नऊ वर्षांनी इंग्रजांनी आपले काढले. जेत्याची घाई दोन्हीकडे सारखीच.

८/ फरक मांडणीत आहे. बोल्शेविकांनी ‘आम्ही सत्तेवर का आलो’ हे सांगितले. इंग्रजांनी ‘आमच्या हाती काय आले’ याची जंत्री केली: खडक, पशुपक्षी, मूर्ती, शिलालेख, शस्त्रे, आदिवासींच्या वस्तू. प्रदेशाची ही यादी तयार झाली आणि त्यातील माणसांचा राजकीय भूतकाळ बाहेर राहिला. त्या संग्रहाचे शास्त्रीय मोल मोठे आहे. त्याविषयी तक्रार नाही. तक्रार अशी की, जेत्याने घालून दिलेली ही चौकट स्वातंत्र्यानंतरही अजब बंगल्याची मुख्य ओळख म्हणून टिकली.

९/ मग या शहराचे विसावे शतक कोठे आहे? रस्त्यावर विखुरलेले आहे. १९२३ साली राष्ट्रध्वज घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरण्यास मनाई झाली आणि त्या मनाईविरुद्ध झेंडा सत्याग्रह पेटला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेल नेतृत्वासाठी आले. अजब बंगला त्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. १९ जानेवारी १९४३ रोजी शंकर महाले यांना नागपूरच्या तुरुंगात फाशी झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १ नोव्हेंबरला, नागपूरचे राजधानीपद गेले.

१०/ यादी येथे संपत नाही. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या जागी आज मॉल आहे. इंदोऱ्यात दहा नंबर पुलाजवळचे नामांतर शहीद स्मारक १९७८ च्या गोळीबाराची आठवण ठेवते. २०१८ साली सदरलगतच्या कस्तुरचंद पार्कच्या मैदानात खोदकाम करताना जुन्या तोफा निघाल्या. १९१७ साली क्रेमलिनवर मारा करणारी तोफ मॉस्कोच्या त्या संग्रहालयाच्या अंगणात ठेवली गेली, कारण ती कोणी कोणावर डागली हे सांगायची कोणाला तरी गरज वाटली. नागपूरच्या तोफा बातमी होऊन गेल्या.

११/ सर्वांत बोलके उदाहरण गोवारींचे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, हिवाळी अधिवेशन चालू असताना, अनुसूचित जमातीच्या सवलती मागणारा गोवारींचा मोर्चा पोलिसांनी अडवला. चेंगराचेंगरीत ११४ माणसे गेली. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. त्यांच्या नावे स्मारक आहे, उड्डाणपूल आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

१२/ त्या उड्डाणपुलावरून रोज हजारो वाहने जातात. गोवारी कोण, ते कशासाठी आले होते, ‘गोंड गोवारी’ या नोंदीत एका स्वल्पविरामाच्या असण्या-नसण्यावरून वाद का झाला, मोर्चा कोणी अडवला, चौकशीत काय निघाले, हे पूल सांगू शकत नाही. ते सांगायला दालन लागते: मोर्चाची पत्रके, शासनाचे आदेश, चौकशीचा अहवाल, न्यायालयांचे दोन परस्परविरोधी निकाल आणि मृतांच्या कुटुंबांच्या साक्षी, एकाच भिंतीवर शेजारी शेजारी.

१३/ आता आक्षेप. पहिला: ‘एवढ्यात इतिहास कसा लिहिणार, थोडा काळ जाऊ द्या.’ गोवारींच्या मृत्यूला तीन दशके उलटली. धम्मदीक्षेच्या वेळी जो वीस वर्षांचा तरुण होता, तो हयात असेल तर आज नव्वदीच्या घरात आहे. काळ जाऊ द्या म्हणजे साक्षीदार जाऊ द्या. अमृतसरला फाळणीचे संग्रहालय २०१७ साली उभे राहिले, घटनेनंतर सत्तर वर्षांनी. ज्या म्हाताऱ्या माणसांच्या पेट्यांतून वस्तू मिळायच्या, त्यांतील किती माणसे तोवर उरली होती?

१४/ दुसरा आक्षेप: ‘जखमा उघड्या पडतील.’ ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांची जखम कधी मिटलेलीच नाही. दरवर्षी २३ नोव्हेंबरला ते त्या स्मारकापाशी येतात. उघडे पडण्याची भीती असते ती निर्णय घेणाऱ्यांना. त्यांची अब्रू झाकण्याला सामाजिक सलोखा म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

१५/ तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: ‘शासनाने संग्रहालय काढले तर ते शासनाचेच गोडवे गाईल, रशियात पाहिलेच की!’ होय, पाहिले. पण अर्धेच पाहिले. त्रोत्स्कीला छायाचित्रातून पुसल्याचे जगाला कळले ते मूळ छायाचित्र कोठेतरी जपलेले होते म्हणून. खोटे पकडायला अस्सल हाती असावे लागते. जेथे काही जमवलेलेच नाही, तेथे खोटे सांगणाऱ्याला मूळ पुसण्याचे कष्टही पडत नाहीत. नागपूरला ही धास्ती मॉस्कोहून अधिक असायला हवी.

१६/ शिवाय या धोक्यावर उपाय आहेत. संग्रहाची संपूर्ण सूची सर्वांना खुली असावी. प्रत्येक फलकावर मजकूर कोणी व केव्हा लिहिला हे असावे. मजकूर बदलला तर जुना फलकही जपावा आणि मागितल्यास दाखवावा. मांडणीचे अधिकार मंत्र्यांच्या समितीकडे न देता इतिहासकार, अभिलेखपाल आणि संबंधित समाजांचे प्रतिनिधी यांच्याकडे असावेत. यामुळे सत्तेचा हस्तक्षेप थांबेल अशी हमी नाही. निदान तो लपून राहणार नाही.

१७/ खरी निकड वस्तूंची आहे. बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू आज नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात पाहता येतात, कारण धम्मदीक्षा सोहळ्याचे एक संयोजक वामनराव गोडबोले यांनी त्या जिवापाड सांभाळल्या. एका माणसाने केले म्हणून एवढे वाचले. गिरणी कामगारांची हजेरीपत्रके, संपाची पत्रके, नामांतराच्या मिरवणुकींची छायाचित्रे, तुरुंगातून आलेली पोस्टकार्डे अजून घराघरांतल्या पेट्यांत असतील. दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतली काही रद्दीत जातात. रद्दीवाला ती किलोने नेतो.

१८/ तेव्हा मागणी साधी आहे. अजब बंगल्यात १८५४ ते १९९४ या काळाचे एक कायम दालन उघडावे. सुरुवात चार विषयांनी करावी: झेंडा सत्याग्रह, एम्प्रेस मिल, धम्मदीक्षा आणि गोवारी मोर्चा. त्याआधी शहरभर वस्तू व साक्षी गोळा करण्याची मोहीम निघावी आणि देणाऱ्याला रीतसर पोच मिळावी. यासाठी नवी इमारत नको, पुतळा नको, परदेशी सल्लागारही नको. एक खोली, एक नोंदवही आणि नोंद करणारी दोन प्रशिक्षित माणसे एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

१९/ मॉस्कोच्या पाटीला हसायचे असेल त्याने खुशाल हसावे. मात्र हसून झाल्यावर सदरहून अजब बंगल्यापर्यंत चालत जावे आणि तेथे विचारावे: आमचे विसावे शतक कोणत्या दालनात आहे? हा प्रश्न दहा जणांनी विचारला तर दुर्लक्ष होईल. दहा हजारांनी लेखी विचारला, तर कोणाला तरी उत्तर द्यावे लागेल.