विमान कोठे उतरवावे?



बँकेत असताना कर्जाचे प्रकरण समोर आले की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असे : पैसा कशासाठी हवा आहे? उत्तर नीट मिळाले की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटत. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी ती सवय सुटलेली नाही. गेल्या हिवाळ्यात एका अगदी निराळ्या प्रकरणात तिचा उपयोग झाला, म्हणून यावेळचा लेख त्याविषयी.

जालन्याच्या बाजारपेठेतील माझ्या एका जुन्या खातेदाराचे दोघे चिरंजीव एका रविवारी घरी आले. त्यांच्या आईला, जिला घरातले सगळे ‘बाई’ म्हणतात, डिसेंबरात ८० वर्षे पूर्ण होणार होती. बाईंचे सारे आयुष्य जालना, परतूर आणि माहेरचे गाव या त्रिकोणात गेले. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. गुडघे दुखरे, अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ मोटारीत बसले की पाय सुजतात. जालन्याहून गोवा रस्त्याने सुमारे ७०० किलोमीटर. तो विषयच नको. म्हणून भावांनी सात आसनांचे छोटे जेट विमान भाड्याने घेऊन बाईंना तीन दिवस समुद्रकिनारी न्यायचे ठरवले होते.

“काका, उधळपट्टी म्हणू नका,” थोरला म्हणाला, “पण विमान कुठे उतरवायचे यावर आमचे दोघांचे जमत नाही.”

असा खर्च निघाला की आपल्याकडे परिग्रहाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तो विचार ज्याचा त्याने करावा. मला विचारलेला प्रश्न विमानतळाचा होता, आणि तो वाटतो तितका सोपा नव्हता.

‘गोव्याला उतरणे’ याचा अर्थ आता एक राहिलेला नाही. पूर्वी गोवा म्हणजे दाबोळी. ही धावपट्टी पोर्तुगीजांनी १९५० च्या दशकात बांधली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत भारतीय हवाई दलाने तिच्यावर बाँब टाकले, आणि मुक्तीनंतर हा तळ नौदलाकडे आला. आजही दाबोळी हा नौदलाचा ‘हंसा’ तळ आहे आणि प्रवासी विमाने तेथे एका अर्थी पाहुणी आहेत. दुसरा विमानतळ उत्तरेला, पेडणे तालुक्यातील मोपा येथे. मनोहर पर्रीकरांचे नाव दिलेल्या या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली. तिसरा आपल्याच राज्यातला : सिंधुदुर्गातील परुळे-चिपी, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेला. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले या किनाऱ्यांसाठी तो सोयीचा.

थोरला दाबोळीच्या बाजूचा, कारण ते ओळखीचे. धाकटा मोप्याच्या बाजूचा, कारण ते नवे, प्रशस्त, धावपट्टी ३,५०० मीटरची. त्यांच्या एका मित्राने चिपी सुचवले होते, कारण तेथे गर्दी नाही. तिघांच्याही बोलण्यात विमान होते, धावपट्टी होती, दर होता. मुक्काम कोठे आहे हे मला विचारून घ्यावे लागले. तो होता दक्षिण गोव्यात, बाणावलीला.

मी कागद काढला आणि नेहमीप्रमाणे रकाने आखले. घराच्या उंबऱ्यापासून खोलीच्या उंबऱ्यापर्यंत.

पहिला टप्पा तिन्ही पर्यायांत सारखाच. छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ आपल्या जालना रस्त्यावरच आहे, त्यामुळे शहर ओलांडावे लागत नाही. तासाभरात पोहोचता येते. दुसरा टप्पा हवेतला. चिकलठाण्याहून गोवा सरळ रेषेत ५०० किलोमीटरांच्या थोडे पुढे; छोट्या जेटला साधारण एक तास. आता गंमत पाहा. मोपा आणि दाबोळी यांच्यात हवाई अंतर सुमारे ४० किलोमीटर. विमानाच्या दृष्टीने हा चार-पाच मिनिटांचा फरक. पण जमिनीवर? मोप्याहून बाणावली ७० किलोमीटरांच्या आसपास. म्हापसा, पर्वरी, पणजीची गर्दी, मांडवी आणि झुवारी या दोन नद्यांवरचे पूल असे सारे पार करून जायचे, म्हणजे पावणेदोन ते दोन तास. दाबोळीहून बाणावली २५ किलोमीटर, पाऊण तासाचा रस्ता. हवेत वाचवलेली पाच मिनिटे घेऊन बाईंनी मोटारीत सव्वा तास जास्त बसायचे, असा तो व्यवहार होता. चिपी तर आणखी उत्तरेला. बाणावलीसाठी त्याचा विचारच करायला नको.

उलट, मुक्काम मोरजी, मांद्रे, हरमल अशा उत्तरेच्या किनाऱ्यांवर असता तर मोपा निर्विवाद. अगदी आपल्या हद्दीतले रेडी किंवा मिठाच्या सत्याग्रहासाठी प्रसिद्ध असलेले शिरोडेदेखील मोप्याहून जवळ. तारकर्लीला जायचे असते तर चिपीची चौकशी आधी केली असती. मात्र त्याची धावपट्टी २,५०० मीटरची आहे आणि तेथील कामकाजाच्या वेळा मर्यादित, म्हणून आपले विमान आणि आपली वेळ तेथे बसते का हे आधी लेखी विचारावे. काणकोणच्या पाळोळ्याला जाणाऱ्याने दाबोळीच धरावे. सर्वोत्तम विमानतळ असा वेगळा नसतोच. आपण राहणार तेथून जो सर्वांत जवळ आणि सोयीचा, तो आपल्यापुरता सर्वोत्तम.

हा धडा मी स्वतः किंमत मोजून शिकलो आहे. २०२३ साली आम्ही उभयता गोव्याला गेलो. तिकिटावर ‘गोवा’ एवढेच वाचून मी मोटार दाबोळीला बोलावली. विमान उतरले मोप्याला. दोन्ही विमानतळांची सांकेतिक अक्षरे वेगळी आहेत : दाबोळीची जीओआय आणि मोप्याची जीओएक्स. तिकिटावर ती ठळक छापलेली होती. आयुष्यभर इतरांच्या धनादेशावरील अक्षर न् अक्षर तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या तिकिटावरचे एक अक्षर पाहिले नाही. ६० किलोमीटरवर थांबलेल्या चालकाला दूरध्वनीवरून हे समजावताना सौभाग्यवती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ती अद्याप स्मरणात आहे. या भावांच्या दोन्ही दरपत्रकांतही नुसते ‘गोवा’ लिहिलेले होते! मी त्यावर लाल शाईने वर्तुळ केले.

दाबोळीची एक अडचण मात्र खरी आहे. तळ नौदलाचा असल्यामुळे आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास सरावासाठी राखीव असतात आणि नागरी विमानांना त्या वेळात वाव मिळत नाही. भावांचा बेत सकाळी दहाला उतरण्याचा होता. तो बदलून दुपारवर आणावा लागला. बाईंचा चौविहार आहे. सूर्यास्तानंतर त्या पाणीही घेत नाहीत. डिसेंबरात गोव्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून उलट गणित मांडले : पाचला जेवण, त्याआधी विश्रांती, म्हणजे पावणेचारपर्यंत मुक्कामी, तीनच्या आत दाबोळी, पावणेदोनला चिकलठाण्याहून उड्डाण, साडेअकराला जालना सोडायचे. मोप्याला उतरले असते तर हेच जेवण घाईत उरकावे लागले असते किंवा राहूनच गेले असते.

आता दरपत्रकाविषयी, कारण तेथे माझा अधिकार थोडा जास्त. भाड्याचे विमान जेथे राहते तेथून रिकामे येते आणि रिकामे परत जाते. त्याचे पैसे आपण देतो. मुंबईचे विमान असेल तर मुंबई ते चिकलठाणा पाऊण तास, गोव्याचा एक तास, गोव्याहून परत मुंबई एक तास. बसायचे एक तास आणि भरायचे पावणेतीन तासांचे. त्यात विमान उतरवण्याचे व उभे करण्याचे शुल्क आणि कर वेगळे. सुट्ट्यांच्या हंगामात गोव्यात विमान उभे करायला जागा मिळेलच असे नाही. प्रवासी उतरवून विमान दुसरीकडे जाते आणि न्यायला पुन्हा येते. ते उड्डाणही आपल्याच खात्यावर. म्हणून दर विचारताना ‘तासाला किती’ असे विचारू नये. ‘सर्व मिळून, परत येईपर्यंत, लेखी किती’ असे विचारावे.

दुसरी तपासणी त्याहून महत्त्वाची. भाडे घेऊन प्रवासी नेण्यासाठी विमान कंपनीकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा अनियमित सेवेचा परवाना लागतो आणि आपले विमान त्या परवान्यावर नोंदलेले असावे लागते. एखाद्या उद्योगसमूहाचे खासगी वापराचे विमान ओळखीतून स्वस्तात मिळत असेल तर हात जोडावेत. खासगी विमान भाड्याने देणे नियमबाह्य आहे, आणि दुर्दैवाने काही घडले तर विमा कंपनीला नकार देण्याचे आयते कारण मिळते. धाकट्याने आणलेले स्वस्तातले दरपत्रक नेमके अशा ओळखीतलेच निघाले. परवान्याची प्रत मागितल्यावर समोरून उत्तर आले नाही. ते दरपत्रक तेथेच फाडले. तारण न पाहता कर्ज द्यायचे नाही आणि परवाना न पाहता आईला विमानात बसवायचे नाही, इतके सोपे आहे ते.

कागद पूर्ण झाला. दाबोळी, मंगळवार, दुपार. मी समाधानाने पेन मिटवले आणि सहज विचारले, “बाई काय म्हणतात?”

दोघे एकमेकांकडे पाहू लागले. बाईंना कोणी विचारलेच नव्हते. त्यांना वाटले, आईला विमानतळातले काय कळणार?

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “विमान कुठेबी उतरवा रे. वाळूपर्यंत मला चालावं किती लागेल, ते सांगा.”

माझ्या कागदावर तो रकानाच नव्हता. खोलीच्या उंबऱ्यापाशी माझा हिशेब संपला होता. बाईंना खोली पाहायची नव्हती, समुद्र पाहायचा होता.

मग दूरध्वनी सुरू झाले. नोंदवलेले निवासस्थान किनाऱ्यापासून दहा मिनिटांच्या पायवाटेवर निघाले. वाटेत पायऱ्याही होत्या. विमानाविषयीही आणखी एक गोष्ट कळली : छोट्या विमानाला अरुंद पायऱ्या असतात आणि आत ताठ उभेही राहता येत नाही. मोठ्या विमानतळावर चाकाची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत जाते, येथे मात्र त्या पायऱ्या चढाव्याच लागतात. बाईंनी घरच्या ओट्यावर आठवडाभर नातीचा हात धरून पायऱ्यांचा सराव केला. निवासस्थान बदलून त्याच किनारपट्टीवर, जेथे हिरवळ संपते तेथे वाळू सुरू होते, असे घेतले. माजोर्ड्यापासून मोबोरपर्यंत सलग वाळू आहे, त्यामुळे जागा सापडली, आणि विमानतळही तोच राहिला.

खर्चाचा तोल सांभाळण्यासाठी भावांनी जेट फक्त जाण्यापुरते घेतले. परतीला नेहमीच्या विमानाने मुंबई, तेथे एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी वंदे भारतने जालना. हा निर्णय त्यांचा त्यांनीच घेतला. मी फक्त मान डोलावली.

असा प्रवास आपल्यापैकी फार थोडे जण करतील. पण नेहमीच्या विमानाने, रेल्वेने वा मोटारीने ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यालाही हिशेब हाच आहे. शेवटच्या पावलापासून सुरुवात करावी : समुद्र, मग वाळू, मग खोली, मग रस्ता, मग विमानतळ, आणि सर्वांत शेवटी विमान. आपण बहुधा विमानापासून सुरू करतो आणि वाळूपाशी येईपर्यंत आपली वही संपलेली असते. आणि वही उघडण्यापूर्वी, ज्यांच्यासाठी जायचे त्यांना एकदा विचारावे.

त्या मंगळवारी साडेपाचच्या सुमारास धाकट्याचा दूरध्वनी आला. जेवण वेळेत झाले होते. लाटांचा आवाज येत होता. बाई नातीच्या आधाराने पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या होत्या आणि परत यायला तयार नव्हत्या, म्हणून तो तक्रार करत होता.

“किती पावले चालल्या?” मी विचारले.

“मोजली काका. चाळीस.”

माझ्याकडच्या त्या कागदावर मी एक रकाना वाढवला आणि आकडा लिहून ठेवला.